घरात येणारा साप: पकडून सोडावा की वाट बंद करावी?

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोकणातील घरांत आसरा शोधतात. साप घरात आलाच, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवून प्रशिक्षित सर्पमित्राला बोलावणे हाच सुरक्षित मार्ग आहे. मात्र पकडलेला साप दूरच्या अनोळखी रानात सोडल्यास त्याला भक्ष्य व निवारा शोधणे कठीण जाते, आणि इकडे घरातील उंदीर तसेच राहिल्याने दुसरा साप येऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यातच केलेला बंदोबस्त मला अधिक मोलाचा वाटतो: जोत्याच्या भेगा बुजवाव्यात (आत कोणताही जीव अडकलेला नाही, हे आधी पाहूनच), मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, सरपण भिंतीपासून दूर रचावे. मण्यार रात्री जमिनीवरील अंथरुणात शिरू शकते, त्यामुळे मच्छरदाणी नीट खोचलेली असावी. अंगणात धामण दिसली, तर तिला जाऊ द्यावे. ती बिनविषारी असून उंदीर खाते.