सुबारू डब्ल्यूआरएक्स: १८ इंची चाकं उतरवून १७ इंची घालताना

न्यू जर्सी, मिशिगन, शिकागो किंवा टोरांटोच्या आसपास डब्ल्यूआरएक्स चालवणाऱ्या मराठी मंडळींचा नोव्हेंबरातला प्रश्न ठरलेला असतो: कंपनीने दिलेल्या समर टायरचं करायचं काय? २०२२ पासून आलेल्या या पिढीत प्रीमियम आणि लिमिटेड प्रकारांना १८ इंची चाकं आणि २४५/४० आर १८ मापाचे (रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची) समर टायर मिळतात. २.४ लिटरचं टर्बो इंजिन, २७१ अश्वशक्ती आणि चारही चाकांना जाणारी ताकद यांना उन्हाळ्यात ते टायर शोभतात. पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की मात्र त्यांचं रबर ताठर होतं आणि पकड सुटते. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली तर ते वाकताना तडकूही शकतं. ‘चारही चाकं ओढतात, मग बर्फाची काळजी कशाला’ या भरवशावर राहू नका. ऑल व्हील ड्राइव्हमुळे गाडी सिग्नलवरून सुटते झकास, पण ब्रेक दाबल्यावर ती थांबवतं ते टायरचं रबरच.

वर्षभर एकच संच वापरायचा असेल, तर १७ इंची रिम आणि त्यावर चांगले ऑल-सीझन टायर ही या गाडीसाठी आमच्या मते सगळ्यात शहाणी खरेदी आहे. उन्हाळ्याचे टायर जपून ठेवून थंडीपुरता दुसरा संच घेणार असाल, तर मात्र ऑल-सीझनवर पैसे घालू नका, सरळ विंटर टायर घ्या. दोन संच बाळगून त्यातला एक ऑल-सीझन ठेवण्यात खर्च दोन्हीकडचा होतो आणि बर्फावरची पकड अर्धवटच मिळते.

१७ का, याचं उत्तर साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, उंचीत आहे. २४५/४० आर १८ टायरची साइडवॉल ९८ मिलिमीटर, तर २४५/४५ आर १७ ची ११० मिलिमीटर. रबराचे हे १२ मिलिमीटर फेब्रुवारी-मार्चमध्ये कामी येतात. दिवसा वितळलेलं पाणी भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि डांबर उचकटतं. त्यातून पडलेल्या खड्ड्याची धार टायरला रिमपर्यंत दाबते. साइडवॉल बुटकी असली की रिमची आतली कड वाकते किंवा टायरच्या आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. असा फुगा दुरुस्त होत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. शिवाय १७ इंची टायर साधारणपणे स्वस्त पडतो आणि मापांची निवडही भरपूर असते. बदल्यात वळणात स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद किंचित सैल वाटेल. रोज ऑफिसला जाणाऱ्याला ते आठवडाभरात जाणवेनासं होतं.

आता बसेल का, ते पाहू. या पिढीच्या साध्या मॉडेलला कंपनीनेच १७ इंची चाकं आणि २३५/४५ आर १७ टायर दिले होते. पुढची ब्रेक डिस्क त्यालाही प्रीमियमसारखीच ३१६ मिलिमीटरची. म्हणजे त्या मॉडेलची कंपनीची चाकं प्रीमियम आणि लिमिटेडवर निर्धास्त बसतात. नवी गाडी घेतल्यावर लगेच चाकं बदलणारे बरेच असतात, त्यामुळे असा जुना संच मिळणं अवघड नाही, आणि पैशांच्या हिशेबात त्याला तोड नाही. पण टीआर किंवा टीएस या प्रकारातली गाडी घेतली असेल, किंवा गाडीला कारखान्यातूनच ब्रेम्बो कंपनीचे सहा पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारे भाग) असतील, तर १७ चा विचारच सोडा. तिथली डिस्क ३४० मिलिमीटरची, चाकं १९ इंची. त्यांना एक इंच उतरून १८ घेता येतात, तीही रिम बनवणाऱ्याचा कागदी साचा कॅलिपरवर धरून पाहिल्यावरच.

सुबारूची सोडून बाहेरची रिम घेणार असाल तर हे आकडे लिहून ठेवा. नटांची रचना ५ × ११४.३ (११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच नट), हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर, बसणारं रिमचं मधलं भोक ५६.१ मिलिमीटर, नट एम १२ × १.२५. कंपनीची १७ इंची रिम ८ इंच रुंद, ऑफसेट ५५. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा. तो कमी झाला की चाक फेंडरच्या बाहेर सरकतं. ८.५ इंच रुंद आणि ४८ ऑफसेटची रिम घेतली तर आतली जागा जवळपास तेवढीच राहते, पण बाहेरची कड १३ मिलिमीटरहून अधिक पुढे येते. दिसायला ते रुबाबदार असेल, पण हिवाळाभर चाकांनी उडवलेले खडे आणि मिठाचा चिखल दारांच्या खालच्या रंगावर बसतो. एकाच संचावर वर्ष काढायचं तर ८ इंच आणि ५० च्या पुढचा ऑफसेट बरा. बाहेरच्या रिमचं मधलं भोक बहुधा मोठं असतं, ते ५६.१ वर आणणारी रिंग बसवली नाही तर चाक नटांच्या भरवशावर मध्यात बसतं आणि ताशी ६० मैलांच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष तसाच राहतो.

टायरच्या मापात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबू. १८ इंची मूळ टायरचा व्यास ६५३ मिलिमीटर. साध्या मॉडेलच्या २३५/४५ आर १७ चा ६४३, म्हणजे दीड टक्का कमी. प्रीमियमवर तो घातला तर काट्यावर ६५ दिसत असताना गाडी ६४ ने धावते, आणि ओडोमीटर दर १०,००० मैलांमागे दीडशे मैल जास्त मोजतो. नुकसान काही नाही, पण २४५/४५ आर १७ चा व्यास ६५२ भरतो, मुळाशी अगदी जुळणारा. ८ इंची रिमवर तो नियमात बसतो, म्हणून प्रीमियम-लिमिटेडवाल्यांनी हेच माप घ्यावं. मिशिगनसारख्या ठिकाणी बर्फच जास्त असेल तर २२५/५० आर १७ चाही विचार करा. व्यास ६५७, फरक अर्ध्या टक्क्याचा. अरुंद टायर भुसभुशीत बर्फात खाली उतरून पकड शोधतो, आणि हे माप बहुतेक दुकानांत सहज मिळतं. ८ इंची रिम ही त्याची वरची मर्यादा आहे, त्यावर मात्र जाऊ नका. भार पेलण्याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरच्या मापापेक्षा कमी नको. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९७ म्हणजे ७३०.

ऑल व्हील ड्राइव्हचं पथ्य वेगळंच. सुबारूच्या सांगण्यानुसार चारही टायरच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक चालत नाही. पाव इंच परिघ म्हणजे त्रिज्येत जेमतेम एक मिलिमीटर. एकच टायर पंक्चर होऊन बाद झाला आणि बाकीच्या तिघांची नक्षी दोन-तीन मिलिमीटर झिजलेली असली, की नवा टायर सतत कमी फेरे घेतो. हा फरक मॅन्युअल गाडीत मधल्या डिफरन्शियलमधल्या (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातल्या) व्हिस्कस कपलिंगला सोसावा लागतो; ते सरळ रस्त्यावरही तापत राहतं आणि शेवटी जातं. म्हणून एकतर चारही बदला, नाहीतर नव्या टायरची नक्षी बाकीच्यांच्या नक्षीइतकी तासून देणारा विक्रेता गाठा. अमेरिकेत अशी सोय मिळते.

तीन टायर डोळ्यांसमोर ठेवावेत. मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ हा गाडीच्या स्वभावाला सर्वांत जवळचा. स्टिअरिंग नेमकं, ओल्या रस्त्यावर ब्रेक भक्कम, साइडवॉल टणक. मात्र खड्ड्याचा दणकाही तो जरा जास्तच कळवतो. वॉरंटी ४५,००० मैलांची. न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया असा हिवाळा, जिथे बर्फ पडतो आणि दोन दिवसांत मीठ टाकून रस्ता मोकळा होतो, तिथे आमची पसंती हाच.

काँटिनेंटल एक्स्ट्रीम काँटॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस त्यापेक्षा मऊ. खड्डे अंगावर घेतो, ताज्या बर्फावरही चांगला वागतो, वॉरंटी ५०,००० मैल. नक्षीत डी, डब्ल्यू, एस (ड्राय, वेट, स्नो) ही अक्षरं कोरलेली असतात. एस पुसलं गेलं की बर्फाचा भरवसा संपला, डब्ल्यू गेलं की पावसाचा. नव्याने गाडी सांभाळणाऱ्याला ही खूण फार उपयोगी. वळणात पहिल्या क्षणी तो थोडा रेंगाळतो, पण दिलेल्या किमतीला पुरेपूर उतरतो.

तिसरा, मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, वेगळ्या जातीचा. पहिल्या दोघांवर फक्त चिखल-बर्फाची अक्षरी खूण (एम+एस) असते. याच्यावर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह आहे, जे बर्फावरची ठरावीक चाचणी उतरल्यावरच मिळतं. क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्याने विंटर टायर लागतात आणि त्यासाठी हेच चिन्ह धरतात. वॉरंटी ६०,००० मैल. उणं असं, की बारीक चिरांमुळे नक्षीचे ठोकळे कोरड्या वळणात लवतात आणि गाडी बोथट वाटते, झिजत जाताना गुणगुणही वाढते. वेगाचं अक्षरही पाहून घ्या: हा बहुधा एच किंवा व्ही मध्ये मिळतो, म्हणजे ताशी २१० किंवा २४० किलोमीटर, आणि गाडीच्या मूळ टायरचं अक्षर वरचं असल्याने काही दुकानं बसवायला नकार देतात. मागवण्याआधी दुकानात विचारा. शिवाय याची नक्षी एका दिशेची, म्हणून चाकं फिरवताना पुढचं मागे आणि मागचं पुढे, तेही त्याच बाजूला. बाकी दोघांना आडवं-तिडवं फिरवता येतं. फिरवाफिरव दर ६,००० मैलांनी, चुकवू नये.

टायर हातात आले की साइडवॉलवरच्या डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर गोदामात तीन वर्षं पडलेला असू शकतो.

नव्या रिमना हवेच्या दाबाचे सेन्सर लागतीलच. ते गाडीच्या वर्षानुसार मागवा आणि त्यांचे क्रमांक गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये यंत्राने नोंदवून घ्या. जुन्या सेन्सरचे क्रमांक नव्यात उतरवून देणारं दुकान मिळालं तर उत्तम. मग संच बदलला तरी पुन्हा नोंदणी लागत नाही.

बसवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. मिठाच्या प्रदेशात गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक सपाट टेकत नाही, आणि पुढच्या वर्षी निघतही नाही. हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर अँटी-सीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारा लेप) अगदी पातळ लावा. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर बसतात त्या दांड्यांच्या, आट्यांवर ते लावायचं नाही, कारण निसरड्या आट्यांवर पाना तोच आकडा दाखवतो आणि स्टड मात्र जास्त ताणला जातो. नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) १२० न्यूटन मीटरला आवळा. हवेच्या बंदुकीने करकचून आवळलेले नट डिस्क वाकवतात, मग महिनाभराने ब्रेक दाबताना पाय थरथरतो आणि दोष नव्या चाकांना दिला जातो. ५० ते १०० मैल चालल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नवी रिम थोडी बसते आणि नट सैल होतात.

हवा थंड टायरमध्ये मोजावी, सुरुवात दाराच्या पट्टीवरच्या आकड्याने. पारा १० अंश फॅरनहाइट उतरला की दाब साधारण एक पीएसआय घटतो. ऑक्टोबरातल्या उबदार दुपारी बरोबर भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे तीन-चार पीएसआयने खाली असतो. त्या पहाटे दाबाचा दिवा लागला तर नव्या सेन्सरला दोष देण्याआधी गेज लावा आणि हवा भरा.