कुस्कोची पहिली रात्र कुठे काढावी: शहरात की खाली खोऱ्यात?

पेरूची राजधानी लिमाहून सुटलेलं विमान सव्वा-दीड तासात तुम्हाला समुद्रसपाटीवरून थेट 3,400 मीटरवरच्या कुस्कोत आणून सोडतं. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी कुस्को थोडं वरच राहील. हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीराला याची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. हे दिवस कुस्को शहरात काढायचे, की विमानतळावरून सरळ उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे सेक्रेड व्हॅलीत उतरायचं, हे आधीच ठरवावं लागतं. माचू पिच्चू या डोंगरावरच्या इंका नगरीचं तिकीट नाव, तारीख आणि वेळेसकट काढलेलं असतं, तिथे गेल्यावर क्रम बदलायला फारशी जागा उरत नाही.

बहुतेकांनी खोरं आधी आणि शहर शेवटी ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अपवाद आहेत, ते पुढे येतील.

झोपण्याची उंची महत्त्वाची

खोऱ्यातलं ओयान्तायताम्बो साधारण 2,800 मीटरवर आहे, उरुबाम्बा गाव 2,870 वर आणि पिसाक गाव 2,970 वर. म्हणजे कुस्कोपेक्षा चारशे ते सहाशे मीटर खाली. समुद्रसपाटीवरून येणाऱ्याने पहिली रात्र 2,750 मीटरच्या फार वर काढू नये, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला. ओयान्तायताम्बो त्याच्या अगदी जवळ बसतं, कुस्को बसत नाही.

उंचीचा त्रास, तिथल्या भाषेत सोरोचे, विमानातून उतरताच जाणवत नाही. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं हे सहा ते बारा तासांनी सुरू होतं. त्यामुळे दुपारी ‘मला काहीच होत नाहीये’ म्हणणारा माणूस रात्री दोन वाजता डोकं धरून बसलेला दिसतो. झोपेत श्वास अनियमित होतो, मध्येच थांबल्यासारखा वाटून जाग येते. म्हणून दिवसा कुठे फिरलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला जास्त महत्त्व.

लिमात एक रात्र थांबण्याने उंचीची सवय होत नाही, कारण ते समुद्रकाठी आहे. पण भारतातून येणाऱ्यांनी ती रात्र जरूर घ्यावी. दोन्ही देशांत साडेदहा तासांचा फरक आहे. जागरणाची डोकेदुखी आणि सोरोचेची डोकेदुखी एकत्र आली की कोणती कशामुळे ते कळत नाही.

विमानाने लेहला गेल्यावर त्रास झाला असेल, तर इथेही होईल असं धरून चाला. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोच्याच पंक्तीतलं. मात्र गेल्या वर्षी लेहला राहून झालेली सवय आता उपयोगाची नाही, ती काही आठवड्यांत निघून जाते.

खोरं आधी घेतलं तर

इथे खरी चूक रस्त्यात होते. विमानतळावरून ओयान्तायताम्बोला टॅक्सीने सुमारे दोन तास लागतात आणि नेहमीचा रस्ता चिंचेरो गावावरून जातो, जे सुमारे 3,760 मीटरवर आहे. खाली जाण्यासाठी आधी वर चढावं लागतं. गाडीत बसून ती उंची ओलांडली तर फारसं बिघडत नाही. पण ड्रायव्हर किंवा टूरवाला ‘वाटेतच आहे’ म्हणून चिंचेरो, मोरायची इंकांची गोल पायऱ्यांची शेती आणि मारासची मिठागरं त्याच दिवशी दाखवायला निघतो. पैसे वाचतात, पण रात्रभर न झोपलेलं शरीर ओयान्तायताम्बोपेक्षा बऱ्याच उंचीवर तीन-चार तास चढ-उतार करतं आणि खोऱ्यात येण्याचा फायदा निम्मा संपतो. पहिल्या दिवशी या थांब्यांना सरळ नाही म्हणा. कुस्कोतल्या पावितोस रस्त्यावरून शेअर गाड्या स्वस्तात मिळतात, पण मोठ्या बॅगा आणि प्रवासाचा शीण असेल तर टॅक्सीच बरी. भाडं सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, गाडीत बसण्याआधी ठरवा.

पहिली दुपार ओयान्तायताम्बोच्या गल्ल्यांत काढावी. स्पॅनिशांआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांनी आखलेल्या चौकोनी वस्तीत आजही लोक राहतात. दगडी भिंतींच्या कडेने पाटाचं पाणी खळखळत वाहतं आणि जमीन जवळजवळ सपाट आहे. वरचा किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताच गाठा, टूरच्या बसगाड्या येण्याआधी. पायऱ्या उंच आहेत, दर पंधरा-वीस पायऱ्यांनी थांबा. वर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत, आणि दोन शिळांच्या मध्ये पट्टीसारखा अरुंद दगड अचूक बसवलेला. हे दगड नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतले. डोंगरावरून उतरवून, नदी पार करून, पुन्हा वर चढवलेले. जे पोचले नाहीत ते आजही वाटेत पडलेले दिसतात. स्पॅनिशांविरुद्धच्या 1536 च्या उठावानंतर इंका राजा मांको इंकाने स्पॅनिश सरदार एर्नांदो पिझारोच्या फौजेला इथूनच मागे रेटलं. समोरच्या पिंकुयुना डोंगरावरची इंकांची कोठारं पाहायला तिकीट लागत नाही, पण वाट खडी आहे आणि पावसात निसरडी होते.

तिसऱ्या दिवशी पिसाक, किंवा मोराय आणि मारास. पिसाक गावातून पायी चढू नका. टॅक्सीने वरच्या फाटकापाशी जा आणि शेतीच्या पायऱ्या, इंतिवाताना हा मंदिरांचा भाग पाहत चालत गावात उतरा. नंतर ओयान्तायताम्बोहून रेल्वेने दीड-दोन तासांत आग्वास कालिएन्तेस, माचू पिच्चूच्या पायथ्याचं गाव. ते जेमतेम 2,040 मीटरवर आहे, माचू पिच्चू 2,430 वर. रेल्वेत मोठी बॅग चालत नाही, ती हॉटेलात ठेवून छोटी पाठपिशवी न्या. तिथून कुस्कोत परताल तेव्हा शरीर बरंच सरावलेलं असतं.

शहर आधी घेतलं तर

सोय इथे निश्चित जास्त. दवाखाने, औषधांची दुकानं, एटीएम, शाकाहारी जेवण, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. फक्त मुक्कामाची जागा नीट निवडा. सान ब्लास भाग फोटोत देखणा दिसतो, पण तिथल्या अनेक हॉटेलांना गाडी पोचत नाही आणि बॅग घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या रात्रींसाठी मुख्य चौक, प्लासा दे आर्मासच्या खालच्या बाजूला खोली घ्या.

पहिला दिवस चौक, कॅथेड्रल आणि सान पेद्रो बाजार एवढाच. दुसऱ्या दिवशी कोरिकांचा, हे इंकांचं सूर्यमंदिर. स्पॅनिशांनी त्यावर मठ बांधला. 1950 च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत. जवळ जाऊन पाहिलं की कारण कळतं: भिंती आत कललेल्या, दारं-कोनाडे वर निमुळते, सांध्यात चुना नाही, दगड दगडाला घासून बसवलेला. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आतून रुमियोक गल्लीत आहे, तिथे पाच मिनिटं पुरतात.

शहर आधी घेणाऱ्यांची फसगत दुपारच्या ‘सिटी टूर’मध्ये होते. नाव शहराचं, पण ही टूर कोरिकांचा आटोपून साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा आणि ताम्बोमाचाय या शहराच्या वरच्या इंका अवशेषांकडे जाते, आणि यातली बहुतेक ठिकाणं 3,600 ते 3,700 मीटरच्या आसपास आहेत. सकाळी उतरलेला माणूस दुपारी तिथे घाईघाईने चढतो आणि रात्री त्याची किंमत मोजतो. हा भाग तिसऱ्या दिवसावर ठेवा आणि क्रम उलटा करा: टॅक्सीने आधी ताम्बोमाचायला, समोरच पुका पुकारा, मग केन्को आणि शेवटी साक्सायवामान. तिथून शहरात पायी उतरता येतं, सगळी चाल उताराची. साक्सायवामानच्या तीन नागमोडी तटांतले काही दगड शंभर टनांहून जड असल्याचा अंदाज आहे. तिथे निदान दीड तास द्या.

तिकिटाचा हिशोब

पर्यटन तिकीट, बोलेतो तुरिस्तिको, परदेशी माणसाला 130 सोलला पडत आलं आहे: 10 दिवस, 16 ठिकाणं. अर्धी तिकिटं 70 सोलची. साक्सायवामान आणि शेजारच्या तीन ठिकाणांचं तिकीट एक दिवस चालतं, पिसाक-ओयान्तायताम्बो-चिंचेरो-मोरायचं दोन दिवस. दोन अर्धी मिळून 140 होतात. शिवाय खोऱ्यातलं दोन दिवसांचं तिकीट तुम्हाला नेमक्या त्याच दिवसांत पळायला लावतं जेव्हा सावकाश चालायला हवं. पूर्ण तिकीट घ्या, सोल रोख ठेवा. कोरिकांचा, मारासची मिठागरं आणि माचू पिच्चू यात येत नाहीत.

औषध, चहा, जेवण

अ‍ॅसिटाझोलामाइड, आपल्याकडची डायमॉक्स, प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. आदल्या दिवसापासून सुरू करून वर पोचल्यावर आणखी दोन दिवस. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. शहर आधी घेणाऱ्यांना तिची गरज जास्त. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात सर्रास मिळतो, बरंही वाटतं, पण त्याने सोरोचे टळतो असा भरवसा नाही. त्याची पाकिटं घरी आणू नका, भारतात कोकाच्या पानांवर अंमली पदार्थ कायद्याने बंदी आहे. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद.

शाकाहाऱ्यांनी सूप मागताना ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना, हे विचारावं. भाज्यांचं सूपही बऱ्याचदा तसंच असतं. सोबत तयार पोहे-उपमा नेत असाल तर कुस्कोत पाणी 88-89 अंशांनाच उकळतं, गरम पाणी घालून नेहमीपेक्षा जास्त वेळ झाकून ठेवा.

शहर आधी कोणी घ्यावं

पुनो किंवा ला पाझ अशा आणखी उंचावरच्या शहरांतून येणारे आधीच सरावलेले असतात, त्यांना खोऱ्याचा फायदा नाही. विमान संध्याकाळी उतरत असेल तर अंधारात घाटरस्त्याने दोन तास जाण्यापेक्षा शहरात झोपा. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी मुळात जावं का हे डॉक्टरांबरोबर ठरवावं. गेलेच तर दवाखान्याजवळ, म्हणजे शहरात राहावं. हातात तीनच रात्री असतील तरी खोरंच घ्या आणि कुस्कोला शेवटचा एक दिवस द्या.

बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यात फेस येणं, तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं ही धोक्याची लक्षणं दिसली तर उपाय एकच, लगेच खाली उतरणं. प्राणवायूचं नळकांडं तोवरचा आधार असतं, त्याने सवय होत नाही. कुस्कोतून खोऱ्यात उतरायचं तर आधी आणखी उंच खिंड चढावी लागते, म्हणून तिथे आधी दवाखाना आणि मग लिमाचं विमान. ओयान्तायताम्बोहून मात्र रेल्वे चढाशिवाय आग्वास कालिएन्तेसला उतरते. पण शेवटची गाडी गेल्यावर रात्री तो मार्ग बंद होतो, म्हणून त्रास संध्याकाळी वाढू लागला तर सकाळची वाट पाहू नका.