कॉर्नवॉल: देखाव्याला पूर्ण गुण, घर मात्र ठोकून-वाजवून घ्या

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेली ही काउंटी. २०२१ च्या जनगणनेत वस्ती सुमारे ५ लाख ७० हजार. शहर म्हणावं असं एकच, ट्रूरो, आणि तेही आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. लंडनच्या पॅडिंग्टनहून ट्रूरोपर्यंत रेल्वेने साडेचार तास, पेन्झन्सपर्यंत पाचच्या वर. कडे, वाळू, निळंहिरवं पाणी हे सगळं फोटोत दिसतं तसंच आहे, त्यात फसवणूक नाही. फसगत होते ती घरात. म्हणून या परीक्षणात समुद्राला कमी आणि भिंतींना जास्त जागा दिली आहे.

आधी पोटापाण्याचं. पर्यटनातलं काम हंगामी आणि कमी पगाराचं. बारमाही नोकऱ्या मुख्यतः आरोग्यसेवा, शिक्षण आणि काउन्सिलकडे. मराठी डॉक्टर-नर्स इथे येतात ते बहुधा ट्रूरोच्या रॉयल कॉर्नवॉल हॉस्पिटलसाठी. गावात त्याला ट्रेलिस्क म्हणतात. केअर वर्करच्या व्हिसावर परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. ‘कॉर्नवॉलच्या केअर होममध्ये जागा आहे, एवढे लाख भरा’ असं कुणी अजूनही सांगत असेल तर फोन तिथेच ठेवा. हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत घेतला जाणारा आकार) लागत नाही. इतर बहुतेक कामाच्या व्हिसांवर तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६, तोही सगळ्या वर्षांचा एकदम, अर्ज करतानाच. चौघांच्या कुटुंबाने हा आकडा सामान बांधण्याआधी मांडून बघावा.

भाड्याचं घर मिळवणं हे इथलं सगळ्यात चिवट काम. चांगली घरं सुट्टीवाल्यांना आठवड्याच्या दराने जातात. ‘विंटर लेट’ अशी जाहिरात दिसली तर ते घर साधारण ऑक्टोबर ते ईस्टर (मार्च-एप्रिल) एवढ्यापुरतंच द्यायचा मालकाचा इरादा असतो. १ मे २०२६ पासून मुदतीचे करार आणि बिनकारणाची नोटीस दोन्ही बंद झालंय, म्हणजे कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. पण मालकाच्या डोक्यात ईस्टर असेल तर तो व्यवहार पहिल्या दिवसापासून कुरबुरीचा. सरळ विचारून घ्या. त्याच तारखेपासून एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. त्यामुळे नव्याने आलेल्याकडे मालक आता ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागतात. तो नसेल तर पहिले काही महिने इस्पितळाच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये काढून, पगाराच्या पावत्या हातात आल्यावर घर शोधणं शहाणपणाचं.

अनामत कमाल पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी. हिशेब असा: महिन्याचं भाडं गुणिले १२, भागिले ५२, गुणिले ५. भाडं १,२०० पौंड असेल तर अनामत १,३८४ पौंडांच्या वर जाता कामा नये. दीड महिन्याचं मागितलं तर ते बेकायदा. पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत अनामत सरकारमान्य योजनेत जमा झाली पाहिजे. त्याची पावती मागून घ्या, घर सोडताना तीच कामी येते.

विकत घेणार असाल तर ‘मंडिक’ हा शब्द पाठ करा. कॉर्निश खाणकामगार पायराइटला मंडिक म्हणत. साधारण १९०० ते १९६० या काळात इथल्या कित्येक घरांच्या काँक्रीटमध्ये खाणीतला टाकाऊ दगड घातला गेला. ओल पोचली की त्यातला पायराइट हवेशी संयोग पावतो, आम्ल तयार होतं, काँक्रीट आतून फुगून भुसभुशीत होतं. बाहेरून रंग दिलेली भिंत ठणठणीत दिसते. तपासणीसाठी भिंतीतून आणि पायातून ड्रिलने नमुने काढून प्रयोगशाळेत पाहतात आणि श्रेणी देतात. ‘ए’ आली तर बँक कर्जाला तयार. ‘बी’ किंवा ‘सी’ आली तर नेहमीचं गृहकर्ज विसरा. शेजारच्यापेक्षा बरंच स्वस्त घर आणि जाहिरातीत ‘फक्त रोखीने’ असं असेल तर कारण बहुधा हेच. आज तुम्ही रोखीने घ्याल, पण उद्या विकताना गिऱ्हाईकही रोखीचंच शोधावं लागेल. वकिलाला खाणींचा शोध घ्यायलाही सांगा, आणि तो धातूच्या खाणींचा हवा. इंग्लंडमध्ये सर्रास होतो तो कोळशाच्या खाणींचा. इथे जमिनीखाली कथील आणि तांब्याची जुनी बिळं आहेत.

दुसरा पाहुणा रेडॉन. ग्रॅनाइटच्या पट्ट्यात हा किरणोत्सारी वायू जमिनीतून घरात शिरतो. वास नाही, रंग नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत ब्रिटनमध्ये धूम्रपानानंतर याचाच क्रमांक. यावर उपाय मात्र सोपा आहे, घाबरायचं कारण नाही. टपालाने दोन छोट्या प्लास्टिकच्या डब्या येतात, एक बैठकीच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीत, तीन महिने तशाच ठेवायच्या आणि परत पाठवायच्या. घनमीटरला २०० बेकरेलच्या वर आकडा आला तर जमिनीखाली खड्डा करून पाइप आणि पंख्याने खालची हवा बाहेर खेचतात. विकणाऱ्याने चाचणी केली नसेल तर किमतीतला काही भाग निकाल येईपर्यंत वकिलाकडे अडकवून ठेवायची पद्धत आहे, ती वापरा.

मग थंडी. खरं तर इथे बर्फ क्वचित, बागेत ताडासारखी झाडं वाढतात. पण ओल हाडात जाते. कोकणातला पावसाळा निदान संपतो तरी! इथे पाऊस आणि धुकं यांच्या मधलं ‘मिझल’ नावाचं प्रकरण आठवडाभर तरंगत असतं आणि वारा खारा. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटाच्या मागे दोन महिन्यांत काळी बुरशी धरते. चार बोटं अंतर सोडा. कपडे आत वाळवणार असाल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, हवाच. थंड खोलीसाठी कॉम्प्रेसरवाला घेऊ नका, दहा अंशांखाली तो दमतो. डेसिकंट प्रकारचा (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) घ्या. घर पाहायला शक्यतो नोव्हेंबरात, पावसात जा, आणि कपाटं उघडून वास घ्या.

गावाबाहेर बऱ्याच घरांना पाइपचा गॅस नाही. तिथे तेलाचा बॉयलर असतो, अंगणात टाकी. टँकर बहुधा ५०० लिटरच्या खाली येत नाही, म्हणजे पैसे एकदम जातात. टाकी कोरडी पडू देऊ नका: पाइपात हवा शिरते, तळाचा गाळ ओढला जातो, आणि मग तेल भरूनही मेकॅनिक आल्याशिवाय बॉयलर पेटत नाही. वीजेचे स्टोरेज हीटर असतील तर रात्रीच्या स्वस्त विजेची योजना आणि चालता मीटर आहे का ते विचारा. ते रात्री तापून दिवसा ऊब देतात. झोपताना ‘आउटपुट’ बंद करायचं राहिलं तर सगळी ऊब पहाटेपर्यंत संपते. पाण्याचं बिल देशातल्या चढ्या बिलांपैकी. कारण लांबच लांब किनारा, आणि त्याच्या सांडपाण्याचा खर्च वाटून घ्यायला माणसं थोडी.

गाडीशिवाय ट्रूरो, फॅल्मथ सोडून निभाव कठीण. भारतीय लायसन्स १२ महिने चालतं, ते बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, थिअरी, मग रस्त्यावरची परीक्षा, सगळं मुळापासून. तारखांना उशीर लागतो, म्हणून तिसऱ्या महिन्यात सुरुवात करा, दहाव्यात नाही. ऑटोमॅटिकवर पास झालात तर मॅन्युअल चालवता येणार नाही. शिकताना रिव्हर्स घोटून घ्या: दोन्ही बाजूंना दगडी बांध, मध्ये एका गाडीची वाट, समोर ट्रॅक्टर. ज्याच्या मागे रुंद जागा जवळ, त्याने मागे जायचं, आणि हात वर करून आभार मानायचे. उन्हाळ्यातल्या शनिवारी ए-३० रस्ता टाळा. त्या दिवशी सुट्टीची घरं रिकामी होतात आणि भरतात. प्लिमथ शहराकडे जाणाऱ्या टेमर पुलाचा टोल फक्त कॉर्नवॉल सोडताना पडतो, टॅग घेतला तर निम्मा.

दात भारतातच दुरुस्त करून या. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, पण एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, नवा पेशंट घेणारा दंतवैद्य इथे देवासारखा, ऐकून माहीत. शाळा बऱ्या, खेड्यातल्या लहान. वर्षाच्या मध्ये आलात तर काउन्सिलकडे वेगळा अर्ज.

खाण्याची आबाळ होत नाही. डाळी-पीठं मोठ्या सुपरमार्केटात, जास्तीचं हवं तर प्लिमथ. सामानात तूप, पेढे, बर्फी भरू नका, दुधाच्या पदार्थांना सीमेवर बंदी आहे, कोकम आणा. न्यूलिन बंदरातला मॅकरल हा आपल्या बांगड्याचा जास्त तेलकट भाऊबंद, तिरफळ घातलेलं कालवण सोसतो. सार्डिन म्हणजे तारलीच समजा. पेस्टीत, म्हणजे करंजीसारख्या इथल्या भाजलेल्या पदार्थात, परंपरेने बीफ असतं. न खाणाऱ्यांनी चीज-कांद्याची मागावी.

आणि पाण्यात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. काळे-पांढरे चौकोन असलेला झेंडा सर्फिंगवाल्यांचा. उत्तर किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी सहा मीटरच्या वर चढतं. कड्याखालच्या खाडीत बसून डबा उघडण्याआधी त्या दिवसाच्या भरतीची वेळ बघा.