चांपानेर दरवाज्याकडचं ताडपत्रीचं दुकान: वादळग्रस्त भागात मदत घेऊन जाणार असाल तर आधी इथे जा

मे महिना आला की अरबी समुद्रात काहीतरी शिजायला लागतं आणि मग बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर तेच मेसेज फिरतात, ताडपत्री कुठे मिळेल, किती घ्यायची, कुठली टिकते, कोणी टेम्पो घेऊन चाललंय का. दरवेळी मी फोनवर तेच तेच सांगते म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण दुकानाच्या मालक काकांनीच नको म्हणून सांगितलंय. चांपानेर दरवाज्याच्या भागात जा, दोरखंडांची मोठमोठी वेटोळी बाहेर टांगलेली दिसतील आणि आत छतापर्यंत ताडपत्रीचे गठ्ठे, कोणालाही विचारलंत तरी दाखवतील.

सगळ्यात आधी काय आवडलं ते सांगते. आपण गेलो आणि म्हटलं काका पन्नास ताडपत्र्या द्या, तर बाकी दुकानवाले लगेच कॅल्क्युलेटर काढतात. हे काका पहिला प्रश्न विचारतात, "बेन, मोकलवानुं छे के जाते जवानुं छे?" म्हणजे नुसतं पाठवायचंय का स्वतः जाणार आहात. मग कुठल्या गावाला, घरं कसली आहेत, कौलांची का सिमेंटच्या पत्र्यांची, आणि तिथे वर चढून बांधणारं कोण आहे. गिऱ्हाइकाला घाई असते, मलाही होती, पण या चार प्रश्नांवर पुढचं सगळं ठरतं हे तिथे गेल्यावर कळतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते २०२१ च्या ताउतेनंतर. १७ मेच्या रात्री ते वादळ ऊना आणि दीवच्या मधे किनाऱ्याला लागलं, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वारा, आणि मग ऊना, राजुला, जाफराबाद, सगळा गीर सोमनाथ आणि अमरेलीचा पट्टा झोडपून काढला. तालाळ्याचा केसर आंबा झाडावरून खाली, नारळी मुळासकट आडव्या, जाफराबादच्या बंदरात बोटींचा चुराडा. विजेचे खांब इतके पडले की हजारो गावांत लाईट नाही, आणि लाईट नाही म्हणजे मोटार नाही, मोटार नाही म्हणजे पाणी नाही, आणि मोबाईलचे टॉवर पण बंद. त्यात कोरोनाची दुसरी लाट, रात्रीचा कर्फ्यू, दुकानं पण मोजक्याच वेळात उघडी. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांनी मिळून पैसे काढले आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, आधी धान्याचे किट करू. काकांनी तिथेच थांबवलं. म्हणाले धान्य सगळेच नेणार, आज काय तारीख आहे ते बघा, सौराष्ट्रात पाऊस जूनच्या मध्याला येतो, म्हणजे छप्पर उडालेल्या माणसाकडे जेमतेम तीन-चार आठवडे आहेत आणि तेवढ्यात कौलं कुठून मिळणार, सगळ्या जिल्ह्यालाच कौलं पाहिजेत. हे ऐकल्यावर आमचा निम्म्याहून जास्त पैसा ताडपत्रीत गेला आणि तो अगदी योग्य ठिकाणी गेला.

आता मालाबद्दल. ताडपत्री घेताना सगळे साईझ आणि भाव विचारतात, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी समोरचा सांगेल ते खरं मानावं लागतं. काकांच्या दुकानात गल्ल्याच्या बाजूला वजनकाटा आहे आणि ते स्वतःहून त्यावर ठेवून दाखवतात. हिशोब साधा आहे, तुम्ही पण लिहून ठेवा. १५ बाय १८ फूट म्हणजे साधारण २५ चौरस मीटर. २०० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम. म्हणजे ती ताडपत्री ५ किलोच्या आसपास भरायला पाहिजे. १८ बाय २४ ची असेल तर ४० चौरस मीटर, ८ किलो. मी दुसऱ्या एका दुकानातून २०० जीएसएम म्हणून सांगितलेली एक ताडपत्री घेऊन गेले होते, भाव बराच कमी होता, ती १५ बाय १८ काट्यावर ठेवली तर ३ किलोच्या थोडी वर. म्हणजे १२०-१३० चा माल. घरच्या स्कूटरवर टाकायला ठीक आहे, पण समुद्रकाठच्या वाऱ्यात उघड्या छपरावर एक पावसाळा ती काढणार नाही. काकांनी त्या दुकानाबद्दल एक शब्द काढला नाही, नुसता आकडा दाखवला.

रेड क्रॉससारख्या मोठ्या संस्था पण ४ बाय ६ मीटरची, २०० जीएसएमच्या आसपासची ताडपत्री वाटतात, म्हणजे १५ बाय १८ जवळपास तेच माप झालं. त्याहून मोठी घेतली तर एका घराला जास्त होते आणि मग ती कापायची वेळ येते, आणि कापली की त्या कडेला ना दुमड ना आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी), तिथून ती फाटत जाते. म्हणून काका मोठा रोल द्यायला सरळ नाही म्हणतात, एक घर एक ताडपत्री. रंगाचं पण सांगतात. काळी स्वस्त पडते पण मे महिन्यात काळ्या ताडपत्रीखाली लहान मूल घेऊन बसून दाखवा. पांढरी किंवा बाहेरून चंदेरी घ्या.

आयलेट दर तीन फुटांवर आहेत का बघा, कड दुमडून आत दोरी घातलेली आहे का बघा, आयलेट अॅल्युमिनियमचे घ्या, लोखंडी खाऱ्या हवेत गंजतात. आणि दोरी. दोरीशिवाय ताडपत्री वाटणारे खूप बघितले मी. राजुल्याकडच्या एका गावात आमच्या आधी कोणीतरी वाटून गेलं होतं, चांगल्या जाड ताडपत्र्या, आणि निम्म्या घरांमध्ये त्या घडी घालून कोपऱ्यात ठेवलेल्या, कारण बांधायला काही नाही आणि जवळचं दुकान बंद. इथे प्रत्येक ताडपत्रीच्या घडीतच तीसेक मीटर नायलॉनची दोरी गुंडाळून बांधून देतात, त्याचे पैसे वेगळे लावतात पण गुंडाळायचे लावत नाहीत. दुकानातली दोन मुलं दुपारभर तेच करत होती.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी या दुकानाला मनापासून मानते. पैसे देऊन झाल्यावर काकांनी आमच्यातल्या दोघांना बसवलं, बाहेरून एक गुळगुळीत खडा आणायला लावला, ताडपत्रीच्या खालून तो खडा धरला, वरून ताडपत्री त्याच्याभोवती पोटलीसारखी आवळली आणि त्या गळ्यावर दोरीचा फास टाकून ओढला. म्हणाले ओढा आता. आमच्यातला सगळ्यात धिप्पाड माणूस लटकला तरी सुटेना. आयलेट फाटलं, कड गेली, तरी ताडपत्रीच्या कुठल्याही जागेवरून असं बांधता येतं आणि एकही भोक पाडावं लागत नाही. खिळा मारायचाच असेल तर खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचा चौकोनी तुकडा ठेवा, वरून बांबूची पट्टी, म्हणजे वारा एकाच खिळ्यावर जोर काढत नाही. तसे ट्यूबचे तुकडे पण त्यांनी पिशवीभर दिले, फुकट. गावात गेल्यावर आम्ही ही खड्याची गाठ पहिल्या दोन घरांत दाखवली, मग पोरं आमच्या पुढे पळत जाऊन बाकीच्यांना शिकवत होती.

वर चढायचं काम मात्र गावातल्या माणसांनाच करू द्या. सिमेंटचा पत्रा वादळात तडकलेला असतो, वरून दिसत नाही, पाय ठेवला की आत जातो, पाय ठेवायचा तो भिंतीवर नाहीतर वाशावर. आणि वायर लोंबकळत असेल तर लाईट गेलेली आहे म्हणून हात लावू नका, कधीही चालू होते, कोणीतरी जनरेटर लावला असेल तरी उलटा करंट येतो.

जे त्यांच्याकडे मिळत नाही ते कुठून घ्यायचं हे पण सांगतात. धान्य हाथीखान्याच्या बाजारातून घाऊक, पण तांदूळ-डाळ द्यायच्या आधी तिथे शिजवायला पाणी आणि सरपण आहे का विचारा, नाहीतर सुखडी (आपली गूळपापडी), ठेपले, भाजलेले चणे, असं हातात दिलं की खाता येईल असं न्या. सुखडी आठवडाभर सहज टिकते आणि पोटाला आधार देते, आमच्या गल्लीतल्या बायकांनी दोन दिवस परातींवर परात थापल्या. ओआरएसची एक लिटरची पाकिटं न्या, पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करून नाही, हे देताना बोलून सांगा. क्लोरीनच्या गोळ्या न्या, किती लिटरला एक ते पाकिटावर इंग्रजीत बारीक लिहिलेलं असतं, ते गुजरातीत मोठं लिहून चिकटवा आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं हे पण लिहा. सॅनिटरी पॅड न्या, बायका मागत नाहीत पण लागतात. जुने कपडे नेऊ नका. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, कोणी हात लावत नव्हतं, ते चित्र ज्यांनी बघितलंय ते परत कपडे गोळा करणार नाहीत. चादरी नव्या द्या, थोड्या द्या.

निघायच्या आधीचं थोडक्यात. तालुक्याच्या मामलतदार ऑफिसला नाहीतर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ नंबरला फोन करून कुठे काही पोचलेलं नाही ते विचारा, हायवेलगतच्या गावांत सगळे थांबतात आणि आतली राहून जातात. सरपंच किंवा तलाटीकडून घरांची यादी आधी मागवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर घ्या, तिथे सगळीकडे खिळे आणि फुटके पत्रे असतात. आम्ही वासद, तारापूर, वटामणवरून भावनगर आणि पुढे महुवा असे गेलो, डिझेल भावनगरलाच फुल केलं, रोख पैसे जवळ ठेवले, पाणी आणि जेवण स्वतःचं स्वतः नेलं कारण ज्यांच्याकडे आधीच काही नाही त्यांच्या पाण्यावर आपण जगायचं नसतं. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत जाऊच नका. आपल्या जरोदला एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, सहावी बटालियन आहे, झाडं कापणं, रस्ता मोकळा करणं, माणसं काढणं हे त्यांचं काम, तेव्हा आपला टेम्पो रस्त्यात अडकला तर त्यांनाच अडचण. आपली गरज त्यानंतर लागते, टीव्हीवाले परत गेले की.

त्यानंतर १५ जून २०२३ ला बिपरजॉय कच्छात जखौजवळ धडकलं तेव्हा पण इथूनच घेतलं. त्या वेळी वादळाच्या आधीच लाखाच्या आसपास लोक हलवले होते त्यामुळे जीव वाचले, पण कच्ची घरं गेली आणि पाऊस डोक्यावरच होता. काकांना मागची ऑर्डर लक्षात होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी २६, निम्मं बडोदा पाण्यात, आणि त्या आठवड्यात शहरात मेणबत्तीपासून दुधापर्यंत लोकांनी वाट्टेल ते भाव लावले. इथे ताडपत्रीचा भाव जो आधी होता तोच होता. मी स्वतः विचारून आलेय. ही गोष्ट मी विसरणार नाही.

आता जे आवडलं नाही ते. गल्ली अरुंद आहे, टेम्पो आत जात नाही, माल हातगाडीवर टाकून दरवाज्यापर्यंत आणावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, तुम्हाला मंडळाला किंवा देणगीदारांना हिशोब द्यायचा असेल तर आधीच सांगा. मोठी ऑर्डर असेल तर आयलेट मारून द्यायला दीड-दोन दिवस लागतात आणि वादळाच्या बातमीनंतर तर जास्तच. टॉर्च आणि सोलर दिवे पण ठेवतात पण ते मला पटले नाहीत, प्लास्टिक पातळ, चार्जिंगची पिन सैल, ते दुसरीकडून घ्या आणि घेताना प्रत्येक लावून बघा. सिलपोलिन, म्हणजे जास्त मजबूत प्लास्टिकची शीट, मागितलं तर मिळतं, हलकं आणि टिकाऊ आहे, पण भाव बघता शंभर घरांना द्यायला परवडत नाही, काका पण तेच म्हणाले. आणि सगळ्यात स्वस्त दुकान हे नाही, घासाघीस केली तर थोडं कमी करतात, फार नाही. मदतीसाठी नेताय म्हटल्यावर मात्र दोरीवर नफा घेत नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या दिव्यांचा कापला. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी एक ते चार बंद असतं, आणि गावांची यादी घेऊन जा, नुसता आकडा घेऊन गेलात तर काका परत पाठवतील. मंडळांनी एप्रिलमध्येच वीस-पंचवीस नग घेऊन कोरड्या जागी ठेवून द्यावेत असं माझं मत आहे, उंदरांपासून वर टांगून, म्हणजे बातमी आली की आयलेटसाठी दोन दिवस थांबायला नको.