‘कॉमेडी प्लेहाउस’ की ‘इनसाइड नंबर नाइन’: आधी कोणती पाहावी?

दर भागात नवी गोष्ट, नवी पात्रे आणि अर्ध्या तासात शेवट, असा ब्रिटिश विनोदी मालिकांचा एक जुना प्रकार आहे. एकांकिका पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला तो परका वाटणार नाही. तो पाहायला घ्यायचा तर माझ्या मते खरी निवड दोन मालिकांत आहे: बीबीसीवर १९६१ ते १९७५ या काळात चाललेली ‘कॉमेडी प्लेहाउस’ आणि २०१४ ते २०२४ या काळात बीबीसी टूवर ५५ भागांत पूर्ण झालेली ‘इनसाइड नंबर नाइन’.

‘कॉमेडी प्लेहाउस’चा जन्म एका फारकतीतून झाला. विनोदी नट टोनी हॅनकॉक याने १९६१ मध्ये रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन या आपल्या लेखकद्वयीशी संबंध तोडले, तेव्हा बीबीसीचे टॉम स्लोन यांनी त्या दोघांना मनाजोगते लिहिण्याची मोकळीक देऊन स्वतंत्र भागांची ही मालिका सोपवली. जानेवारी १९६२ मध्ये दाखवलेल्या ‘द ऑफर’ या भागात लंडनमधले भंगारवाले बाप-लेक आहेत. बापाच्या जाचाला कंटाळलेला लेक आपले सामान गाडीवर लादून घर सोडायला निघतो, पण बाप घोडा देत नाही; मग तो स्वतःच गाडी ओढू लागतो आणि ती जागची हलत नाही. त्या क्षणी लेकाचे काम करणारा हॅरी एच. कॉर्बेट कोसळून रडतो, आणि बाप त्याला हळूच घरात घेऊन जातो. लेखकांनी येथे विनोदवीरांऐवजी मुरलेले नट घेतले होते, आणि त्याचे मोल या एका प्रसंगात कळते.

याच भागातून ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका त्याच वर्षी उभी राहिली आणि ‘कॉमेडी प्लेहाउस’ ही नव्या मालिकांची रोपवाटिका झाली. १९६५ मध्ये ‘टिल डेथ अस डू पार्ट’, १९७२ मध्ये ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ आणि १९७३ मध्ये ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ यांची पहिली रुजवण येथेच झाली. यांतली शेवटची तर २०१० पर्यंत चालली. मात्र जे भाग उत्तम वठले ते स्वतंत्र संसार थाटून निघून गेले, आणि त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरण्याची रीत असल्यामुळे उरलेल्यांपैकी पुष्कळ कायमचे नाहीसे झाले. सलग पाहण्यासाठी ही मालिका म्हणूनच गैरसोयीची आहे.

‘इनसाइड नंबर नाइन’मधल्या गोष्टींना पुढे कुठेही जायचे नसते. स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ यांनी लिहिलेल्या भागांना जोडणारा धागा म्हणजे नऊ हा आकडा. ‘सार्डिन्स’ या पहिल्या भागात लपाछपीसारख्या खेळाच्या निमित्ताने साखरपुड्याला जमलेली माणसे एका कपाटात एकेक करून शिरत जातात, आणि जागा आक्रसते तशी घराण्याची जुनी जखम उघडी पडते. येथे प्रेक्षकांच्या हशाची साथ नाही, त्यामुळे हसावे की धसकावे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

ब्रिटिश उच्चार जड जात असतील तर ‘अ क्वाएट नाइट इन’ हा भाग आधी लावावा. दोन चोर चित्र पळवायला घरात शिरतात आणि जवळजवळ सगळी गोष्ट एकाही संवादाविना घडते. ऑक्टोबर २०१८ मध्ये थेट प्रक्षेपित झालेला ‘डेड लाइन’ मात्र त्यानंतरच पाहावा. त्यात आवाज बिघडल्याचे नाटक करून बीबीसीने हाच चोरांचा भाग पुन्हा लावल्याचे भासवले होते, आणि ती गंमत मूळ भाग पाहिल्याशिवाय कळत नाही.

लहान मुलांसोबत पाहायचे असेल तर ‘नंबर नाइन’ टाळावी. तिच्यात रक्तपात आणि क्रौर्य बरेच आहे. मालिकेसाठी पात्रे कशी उभी करावीत हे शिकणाऱ्याने मात्र ‘द ऑफर’ आणि त्यापाठोपाठ ‘स्टेप्टो’चे दोन-तीन भाग पाहावेत. बाकी कोणाच्या हाती एकच संध्याकाळ असेल, तर मी ‘सार्डिन्स’ लावीन.