आठ महिने, एक कार सीट आणि भडंगाचा दाणा

जोतिबाहून परत आलो, कोल्हापुरात राजारामपुरीत घरासमोर गाडी लावली आणि पोराच्या कार सीटच्या बकलाचं लाल बटण दाबलं. ढिम्म. दोन्ही अंगठे लावून दाबलं, बायकोनं दाबलं, शेजारच्या काकांनीही जोर लावून बघितला. पोरगं रडून लालेलाल. शेवटी पट्टे होते तेवढे सैल केले, त्याचे हात बाहेर काढले आणि वरनं उपसून काढलं. महिन्याभरापूर्वी या सीटबद्दल लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच गुण दिले असते.

सीट १८ किलोपर्यंतची, साडेआठ हजारांची. घेतानाच मी कुरकुरत होतो. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. म्हणजे साडेआठ वेळा सापडलो तर सीटचे पैसे फिटले, असा माझा हिशोब. बायको म्हणाली, "सात महिन्यांच्या पोराला गाडीचा बेल्ट लावून दाखवा, मग नको सीट." दाखवता आला नाही. आईचं वेगळंच: "आमी काय असल्या खुर्चीत कोंबून नेलं व्हय रे तुला? मांडी हाय की!" मांडीवरचं पोर करकचून ब्रेक लागल्यावर हातात राहत नाही, हे तिला पटवायला दोन महिने गेले.

आमच्या जुन्या गाडीत आयसोफिक्स (मुलांची सीट थेट अडकवायच्या लोखंडी कड्या) नाही, त्यामुळे सीट गाडीच्या बेल्टनंच बांधायची. उलट्या तोंडानं, म्हणजे पोराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून, बसवताना बेल्ट जेमतेम पुरतो. दुकानात आधी स्वतःच्या गाडीत लावून बघा, मगच पैसे द्या. बेल्ट जातो तिथं धरून हलवल्यावर इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, उलटी सीट कधीच नको.

आता माझी चूक. कायदा चौदा वर्षं म्हणतो, पण तोंड कुठं करायचं ते आमच्या सीटच्या केशरी स्टिकरवर वजनानं लिहिलंय: १३ किलोपर्यंत उलटं, ९ ते १८ किलो सरळ. तेराव्या महिन्यात पोरगं साडेनऊ किलो भरलं. पाय दुमडून बसतंय बिचारं, म्हणून मी खुशाल सरळ केलं. पोरगं खूश, आई खूश. पुढं वाचनात आलं की युरोपचा नवा नियम, आर१२९, उंचीवर चालतो आणि पंधरा महिन्यांच्या आत सरळ बसवूच देत नाही. या वयात डोकं जड आणि मान कच्ची. समोरून धडक बसली की उलट्या सीटमध्ये तो दणका पाठीवर पसरतो, सरळ बसवलं तर डोकं पुढं फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर. त्याच संध्याकाळी सीट परत फिरवली. दुमडलेल्या पायांचं त्याला काहीच नव्हतं, माझंच मन दुखत होतं.

तर बकल. कंपनीला व्हिडिओ पाठवला, बिल पाठवलं. चार दिवसांनी उत्तर: "खाद्यपदार्थामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही." नवीन बकल १,४५० रुपये, कुरिअर वेगळं! पोरांच्या सीटमध्ये खाद्यपदार्थ नाही पडणार तर काय पडणार? मी भांडलो. पलीकडची बाई गोड आवाजात तेच वाक्य तीनदा म्हणाली. मेहुणा म्हणाला, चप्पल लाईनीत ने, पट्टा कापून दुसरं बकल शिवून देतील. तिथलं शिवणकाम पक्कं, पण पोराला अडवून धरणारा पट्टा कापून शिवायचा नसतो. तेलही घालायचं नाही, ते घाण धरतं.

मग माहितीपुस्तिका उघडली, जी आठ महिने डिकीत पडून होती. पान ३१: बकल कोमट पाण्यात बुडवून बटण दाबत राहा, साबण नको. वीस मिनिटं दाबत बसलो. पाणी पिवळं झालं आणि आतनं निघाला भडंगाचा एक दाणा, अर्धा शेंगदाणा आणि लसणाची तळलेली पाकळी. पोरगं अजून भडंग खात नाही. शेजारी बसून खाणारी व्यक्ती घरात एकच आहे.

१,४५० वाचले, म्हणून साडेतीन गुण. दीड त्या बाईच्या गोड आवाजाचे कापले. बकल टकाटक लागतंय. परवा वजन केलं, दहा किलो चारशे. उलट्या तोंडाचे दोन किलो सहाशे शिल्लक आहेत. आईनं गाडीतलं भडंग बंद केलंय, आता राजगिऱ्याचे लाडू आणते.