छापील मॅन्युअल विकत घ्यावं की पीडीएफ छापून घ्यावी?

सॉफ्टवेअरचं जाडजूड मॅन्युअल कागदावर हवं असेल, तर छापलेली प्रत विकत घ्या, नाहीतर पीडीएफ उतरवून छापून, बाइंडिंग करून घ्या. बहुतेक जण किंमत आणि आवृत्ती बघून ठरवतात. माझ्या मते आधी परवाना बघावा, म्हणजे आतल्या पानावरचा तो बारीक टायप.

विकत घेतलेलं पुस्तक तुमचं. वाचा, द्या, विका. प्रकाशकांनी यालाही लगाम घालून पाहिला. अमेरिकेत एका प्रकाशकानं पुस्तकातच छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकलं तर हक्कभंग समजू. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९०८ साली सांगितलं, नुसत्या छापील सूचनेनं पुढचा विक्रेता बांधला जात नाही. सॉफ्टवेअरच्या डिस्कचं तसं नाही. २०१० मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात तिथल्याच अपील न्यायालयानं ठरवलं की ग्राहकाला प्रत विकली नव्हती, फक्त वापरायचा परवाना दिला होता. म्हणून डिस्कबरोबर खोक्यात आलेलं मॅन्युअल जुन्या बाजारातून घेताना जपून. कित्येक करारांत सोबतची कागदपत्रंही सॉफ्टवेअरबरोबरच गुंडाळलेली असतात. सुट्या विकल्या जाणाऱ्या पुस्तकामागे ही भानगड सहसा नसते.

‘परवाना असेल त्यालाच पुस्तक’ हा प्रकारही जुनाच. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीवर प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७०च्या दशकात लिहिलेलं भाष्य परवानाधारकांपुरतंच होतं. बाकीच्यांनी झेरॉक्सची झेरॉक्स वाचली. ते उघडपणे छापून आलं १९९६ मध्ये.

पीडीएफ हातात आली म्हणजे छापायचा हक्क आला असं नाही. कंपनीच्या फाइलवर बहुधा ‘अंतर्गत वापरासाठी’ अशी अट असते. स्वतःपुरती एक प्रत बऱ्याचदा चालते, अख्ख्या क्लाससाठी गठ्ठा नाही. मुक्त परवान्यात, म्हणजे लेखकानं प्रती काढायची, वाटायची मुभा आधीच दिलेली असते त्यात, मोकळीक भरपूर, पण गोम तिथंही आहे. ओपन पब्लिकेशन लायसन्स या मुक्त परवान्याचा ‘बी’ पर्याय लावलेला असेल, तर छापील पुस्तक करून विकायला परवानगी लागते. जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स हा दुसरा मुक्त परवाना विकू देतो, मात्र परवान्याचा पूर्ण मजकूर जोडायचा आणि ‘इन्व्हेरिअंट’ (न बदलायचे) ठरवलेले भाग जसेच्या तसे ठेवायचे. शंभरावर छापील प्रती वाटल्या, तर संगणकावर संपादन करता येईल अशी प्रतही द्यायची, किंवा ती जिथून उतरवता येईल तो पत्ता. शेवटची प्रत दिल्यावर तो पत्ता निदान वर्षभर चालू ठेवायचा. एका प्रतीपुरतं यातलं फारसं काही आड येत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्यांच्या मालिकेतला ‘नॉन-कमर्शियल’, म्हणजे व्यापारी वापर नको म्हणणारा, परवाना असेल तर छपाईच्या दुकानाला पैसे देणं चालतं का? अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं २०१८ मध्ये फेडेक्स ऑफिस या छपाई-दुकानांच्या कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: शाळांच्या सांगण्यावरून, त्यांच्या कामासाठी अशा परवान्याच्या साहित्याच्या प्रती काढल्या, म्हणून परवाना मोडला नाही.

तेव्हा दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, एकट्यापुरतं हवं असेल, तर पीडीएफमधली लागणारी प्रकरणंच छापा. क्लाससाठी किंवा टीमसाठी मुक्त परवान्याचं मॅन्युअल मिळतं का ते आधी शोधा. ग्रंथालयात ठेवायचं असेल किंवा पुढे विकायचं असेल, तर महाग पडलं तरी सुटं छापील पुस्तकच घ्या. आणि छापील प्रत मागवतानाच कंपनी लॉगिन करून अटींवर ‘मान्य’ दाबायला लावत असेल, तर दाबण्याआधी त्या अटींत हस्तांतराचं, म्हणजे प्रत दुसऱ्याला देण्या-विकण्याबद्दलचं, कलम शोधा.